एव्हरार्ड कॅलथ्रॉप : बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे, अशी सूचना आमच्याकडे आली तेव्हा वाचकांच्या मनात कोणती नावे येतील, याची आम्हांला कल्पना होती. तथागत, महात्मा फुले, राजर्षी शाहू आणि बाबासाहेब यांच्या जीवनकार्यावर आमच्या सहकाऱ्यांनी याच अंकात लिहिले आहे. आम्ही मात्र एका इंग्रज अभियंत्याचे चरित्र निवडले आहे. त्याचे कारण एका विद्यार्थ्याच्या प्रश्नात आहे. आमच्या वसतिगृहातील काही मुले सुट्टीला जाताना धाराशिव स्थानकावर गाडी धरतात. इतिहासाच्या तासाला त्यांच्यापैकी एकाने विचारले, की ही रेल्वे आपल्या मुलखात आणली कोणी? सरकारने, असे उत्तर देऊन आम्ही पुढे गेलो. पण ते उत्तर अपुरे आहे, हे आम्हांला ठाऊक होते. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई म्हणून हा लेख.

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. अनेक भावंडांत ते थोरले. त्यांचे एक बंधू सर गाय कॅलथ्रॉप पुढे इंग्लंडमधील एका मोठ्या रेल्वे कंपनीचे सर्वोच्च व्यवस्थापक झाले. एव्हरार्ड यांचे शिक्षण अपिंगहॅम येथील शाळेत झाले. त्यानंतर वाफेच्या इंजिनांचे जनक मानल्या जाणाऱ्या स्टीफन्सन घराण्याच्या कारखान्यात त्यांनी कामाला सुरुवात केली. पुढे क्रू येथील रेल्वे कारखान्यात ते हाताने काम शिकले आणि आणखी एका रेल्वे कंपनीत नोकरी करून १८८२ साली भारतात आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची जीआयपी, या कंपनीत ते इंजिनांचे निरीक्षक म्हणून रुजू झाले.

जीआयपीचा मुंबई-मद्रास मार्ग सोलापूर जिल्ह्यातून जात होता. त्यावर बार्शी रोड नावाचे स्थानक होते. तेच आजचे कुर्डुवाडी. नावात बार्शी असले तरी बार्शी गाव तेथून एकवीस मैल दूर होते. बार्शी ही त्या काळी कापसाची मोठी बाजारपेठ. बालाघाटाच्या डोंगररांगेवरून, निजामाच्या मुलखातून, आपल्या आजच्या धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतून कापूस, गळिताची धान्ये आणि ज्वारी बैलगाडीने बार्शीला उतरे आणि तेथून पुन्हा बैलगाडीनेच बार्शी रोडला जाई. भरलेली गाडी तासाला दोन मैल चालते, असे धरले तरी हा शेवटचा टप्पा पूर्ण एका दिवसाचा होता. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली, की त्याला हिशेबच उरत नसे. भिजलेल्या कापसाचा भाव पडे, ओल लागलेल्या धान्याला बुरशी येई. भाजी, फळे, दूध यांसारखा नाशवंत माल तर पाच-दहा मैलांपलीकडे नेण्याचा विचारही कोणी करत नसे. ज्या गावात पिकले त्या गावातच ते खपले पाहिजे, नाहीतर उकिरड्यावर गेले पाहिजे, हा तेव्हाचा नियम होता.

मग बार्शीपर्यंत रेल्वे का नव्हती? कारण खर्च. साडेपाच फूट रुंदीचा मार्ग, जड रूळ, मोठे पूल आणि भारी इंजिने यांवर होणारा खर्च एका तालुक्याच्या वाहतुकीतून भरून निघणार नाही, असे कंपन्यांचे गणित होते. कॅलथ्रॉप यांनी या गणितालाच हात घातला. नोकरीत असतानाच त्यांनी या भागाची पाहणी केली आणि अडीच फूट रुंदीच्या हलक्या मार्गाची योजना मांडली. १८८९ साली त्यांनी जीआयपीची नोकरी सोडली. मायदेशी जाऊन सल्लागार अभियंता म्हणून काम करत त्यांनी या एका योजनेचा पाठपुरावा अनेक वर्षे केला. अखेर १८९५ साली सरकारशी करार झाला, लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला.

या मार्गामागचा विचार आम्ही थोडा विस्ताराने सांगणार आहोत, कारण कॅलथ्रॉप यांचे खरे मोठेपण त्यात आहे. रूळ किती जड असावा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो यावर ते ठरते. नेहमीच्या रेल्वेत इंजिनाच्या काही आसांवर फार मोठा भार असे आणि डब्यांच्या आसांवर त्या मानाने कमी. म्हणजे गाडीतील दोन-तीन जड आसांसाठी संपूर्ण मार्ग जड रुळांचा करावा लागे. कॅलथ्रॉप यांनी ठरवले, की इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये आणि शक्यतो सर्व आसांवर भार सारखा असावा. असे केल्यावर यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळ पुरेसा झाला. पूल हलके झाले, भराव कमी झाला, खर्च आटोक्यात आला.

इंजिनाचे वजन मग सहा आसांवर वाटले गेले. लीड्स शहरातील किटसन कंपनीने ही इंजिने बांधली. वाघिणींची रचना त्याहून महत्त्वाची होती. त्या काळातील पुष्कळशा वाघिणी दोन आसांच्या असत. बार्शीच्या वाघिणी चार आसांच्या, दोन बोगींवर बसवलेल्या, सुमारे पंचवीस फूट लांब होत्या. चार आस आणि प्रत्येकी पाच टन, म्हणजे भरलेल्या वाघिणीचे वजन वीस टनांपर्यंत नेता येई. यात रिकाम्या वाघिणीचे वजन जितके कमी तितका माल अधिक. म्हणून जाड लोखंडी तुळयांऐवजी पोलादी पत्रा साच्यात दाबून केलेले सांगाडे वापरण्यात आले. सर्व वाहनांचे सांगाडे एकाच नमुन्याचे होते, त्यामुळे एका वाघिणीचा सुटा भाग दुसरीला चाले. ही वाहने भारतात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ तात्पुरता मार्ग टाकून त्यांच्या चाचण्या घेण्यात आल्या आणि अडीच फुटांच्या रुळांवरून एवढा माल वाहता येतो, हे अभियंत्यांना प्रत्यक्ष दाखवण्यात आले.

मार्ग पुढे वाढत गेला. १९०६ साली तो पंढरपूरला पोहोचला. पूर्वेकडे बार्शीहून घाट चढून येडशी, ढोकी, मुरूड असा निजामाच्या मुलखातून तो १९११ साली लातूरला गेला. लातूरची बाजारपेठ आज जी दिसते, तिच्या वाढीत या मार्गाचा वाटा मोठा आहे. पश्चिमेकडे १९२७ साली तो मिरजेला मिळाला आणि एकूण लांबी दोनशे मैलांवर गेली. आषाढी-कार्तिकीला प्रवासी डबे पुरत नसत, तेव्हा मालाच्या वाघिणींतून वारकरी नेले जात. ज्या वाघिणीत काल सरकी होती, तीत आज माणसे, हे दृश्य आमच्या मागच्या पिढीने पाहिलेले आहे.

नाशवंत मालाच्या वाहतुकीला तीन गोष्टी लागतात. वेळ कमी लागला पाहिजे, डब्यात हवा किंवा गारवा राहिला पाहिजे आणि वाटेत मालाची चढउतार होता कामा नये. पहिली गोष्ट वाफेच्या इंजिनाने साधली. दुसऱ्या गोष्टीसाठी अमेरिकेत बर्फाचे डबे निघाले. शिकागोचे मांस-व्यापारी गुस्ताव्हस स्विफ्ट यांनी १८७८ च्या सुमारास अँड्र्यू चेस या अभियंत्याकडून असा डबा करून घेतला, ज्यात बर्फ वरच्या बाजूला ठेवला जाई आणि गार हवा आपोआप खाली उतरे. वाटेत ठिकठिकाणी बर्फ भरून घेत हजार-हजार मैल ताजे मांस नेता येऊ लागले. तिसरी गोष्ट मात्र कॅलथ्रॉप यांच्या मार्गात मुळातच अडलेली होती. बार्शी लाइटचे रूळ अडीच फुटांचे, जीआयपीचे साडेपाच फुटांचे. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते, प्रत्येक गासडी, प्रत्येक करंडी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. धान्याला ते चालते. केळी, द्राक्षे, टोमॅटो यांना चालत नाही. ज्या अरुंद मापामुळे मार्ग स्वस्त झाला आणि म्हणूनच झाला, त्याच मापाने तो मुख्य मार्गापासून तुटलेला ठेवला. ही अडचण कॅलथ्रॉप यांना दिसत होती.

तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय इंग्लंडमध्ये अमलात आला. स्टॅफर्डशायर परगण्यातील लीक अँड मॅनिफोल्ड हा साधारण आठ मैलांचा अडीच फुटी मार्ग त्यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि २७ जून १९०४ रोजी सुरू झाला. तेथे त्यांनी बुटक्या, सपाट, खास प्रकारच्या वाहक गाड्या केल्या. मुख्य मार्गाची रुंद वाघीण मालासकट त्या गाडीवर ढकलायची, घट्ट बांधायची आणि तशीच अरुंद मार्गावरून न्यायची. म्हणजे मालाची चढउतार टळली. त्या खोऱ्याचा मुख्य माल होता दूध. गवळ्यांच्या दुधाने भरलेल्या वाघिणी या वाहक गाड्यांवर बसून खोऱ्याबाहेर पडत, मुख्य मार्गावर उतरत आणि तेथून लंडनच्या वाटेला लागत. पुढे रस्ते सुधारले, मोटारी आल्या, दुधाचा कारखाना बंद पडला आणि १९३४ साली तो मार्गही बंद झाला. पण जोवर तो चालला तोवर एका आडवळणाच्या खोऱ्यातील शेतकऱ्याचे दूध राजधानीत नासल्याशिवाय पोहोचत होते. आपल्याकडे आणंदचे दूध रेल्वेने मुंबईला नियमित जाऊ लागले ते १९४५ पासून, बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाल्यावर. बार्शी लाइटला मात्र अशा वाहक गाड्या लाभल्या नाहीत. कुर्डुवाडीच्या हमालांच्या पाठीवरूनच तिचा माल शेवटपर्यंत जात राहिला.

कॅलथ्रॉप यांच्या आयुष्याची आणखी दोन अंगे सांगितली पाहिजेत. त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स १९१० साली विमान कोसळून मरण पावले. त्या दुःखातून कॅलथ्रॉप यांनी विमानातून सुखरूप उतरण्याची छत्री तयार करण्याचा ध्यास घेतला आणि गार्डियन एंजल या नावाची हवाई छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठी तिचा उपयोग झाला. परंतु ज्यांच्यासाठी ती घडवली त्या ब्रिटिश वैमानिकांना ती देण्यास वरिष्ठांनी टाळाटाळ केली. जळत्या विमानात तरुण मरत राहिले. ही खंत त्यांना लागून राहिली. दुसरे अंग त्यांच्या प्राणिप्रेमाचे. ते अरबी घोडे पाळत. मारझोड न करता, विश्वास मिळवून घोड्याला शिकवता येते, हे दाखवणारे एक पुस्तक त्यांनी १९२० साली प्रसिद्ध केले. ३० मार्च १९२७ रोजी त्यांचे निधन झाले.

चरित्र येथे संपते. पण आमच्या दृष्टीने त्याचा खरा अर्थ पुढेच आहे. कॅलथ्रॉप हे समाजसुधारक नव्हते. त्यांची कंपनी लंडनच्या भागधारकांच्या नफ्यासाठी निघाली होती. या मार्गाने आपला कापूस बाहेर गेला आणि नफ्याचा मोठा वाटाही बाहेरच गेला. मार्ग सुरू झाला तेव्हा सोलापूर जिल्हा १८९६-९७ च्या दुष्काळात होरपळत होता. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. रेल्वे धान्य आणू शकते हे खरे. पण ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्यापर्यंत ते धान्य पोहोचत नाही. वाघीण कोणासाठी भरते आणि कोणासाठी रिकामी होते, हे अभियंता ठरवत नाही, समाजव्यवस्था ठरवते.

आणि आपल्या समाजव्यवस्थेत भार वाहण्याचे काम कोणाकडे होते? महार वतनदाराला सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री धावावे लागे, अधिकाऱ्याचे सामान डोक्यावरून पुढच्या गावाला पोहोचवावे लागे, निरोप न्यावे लागत, मेलेली जनावरे ओढावी लागत. त्याचा मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागितलेले बलुते. गावगाड्याचा सारा भार एकाच आसावर टाकलेला होता आणि तो आस मोडला तर दोष आसाचाच, असे शास्त्र सांगत होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही वेठ मोडण्यासाठी. फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली ती कसबे तडवळे येथे. आज आपल्याच जिल्ह्यात असलेले हे गाव बार्शी-लातूर लोहमार्गावरचे आहे. माल वाहणारे रूळ ज्या शिवारातून तीस वर्षांहून अधिक काळ जात होते, त्याच शिवारात माणसांनी डोक्यावरचे ओझे उतरवण्याचा निर्धार केला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

रेल्वेने जात मोडली, असेही आम्ही म्हणणार नाही. लहानगे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले तेव्हा मसूरपर्यंत रेल्वेने त्यांना बिनतक्रार आणले. जात कळल्यावर स्थानकाबाहेरचे गाडीवान त्यांना घेईनात आणि वाटभर पाणी मिळाले नाही. तिकिटावर जात लिहिलेली नव्हती. फलाटाच्या पलीकडे ती उभीच होती. १९०६ पासून बार्शी लाइटने आमच्या लोकांनाही पंढरपूरला नेले, पण विठ्ठल मंदिराचे दार १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. यंत्र माणसाला दारापर्यंत नेते, दार उघडणे हे माणसांचेच काम असते.

कंपनीचा मार्ग १९५४ साली सरकारने विकत घेतला. पुढे त्याचे रुंदीकरण झाले. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग रुंद झाला आणि वळण घेऊन प्रथमच धाराशिव शहराजवळून गेला. २०१० पर्यंत मिरजेकडची बाजूही पूर्ण झाली. अडीच फुटांचे रूळ उखडले गेले, पण कॅलथ्रॉप यांनी आखलेली दिशा बहुतांशी तीच राहिली. कुर्डुवाडीची चढउतारही संपली. त्याचे फळ ऑगस्ट २०२० मध्ये दिसले. त्या महिन्यात सांगोल्याहून किसान रेल्वे सुरू झाली आणि २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे याच सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. तीत डाळिंबे होती, द्राक्षे होती, सीताफळे होती, फुलकोबी आणि शेवग्याच्या शेंगा होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या मुलखातील भाजी पुढच्या बाजाराला जाऊ शकत नव्हती, तेथील फळ देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाले.

याहून आमच्या मनावर कोरलेली घटना एप्रिल २०१६ ची आहे. लातूर तहानेने व्याकूळ झाले होते. मिरजेहून पाण्याने भरलेल्या दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पंढरपूर, कुर्डुवाडी, धाराशिव या मार्गाने १२ एप्रिलला लातूरला पोहोचल्या. मिरज ते लातूर, म्हणजे जुन्या बार्शी लाइटची दोन टोके. दोन दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. त्या वर्षी जयंतीच्या व्याख्यानात आम्ही विद्यार्थ्यांना महाडची आठवण करून दिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर दहाच दिवसांनी इंग्लंडमध्ये कॅलथ्रॉप वारले. दोघांची भेट कधी झाली नाही, एकमेकांच्या कार्याची खबर असण्याचेही कारण नाही. पण एकाने पाण्यावरचा माणसाचा हक्क सिद्ध केला आणि दुसऱ्याने आखलेल्या वाटेने ते पाणी आले. पूर्वीच्या काळी स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगवेगळे पाणी मिळत असे. त्या दहा वाघिणींतील पाणी नळाला आले तेव्हा ते कोणाचे, असे विचारण्याची सोय उरली नव्हती.

बेंबळीत रेल्वे स्थानक नाही. आमच्या शाळेत येणारी मुले एसटीने, दुचाकीवर, काही वेळा चालत येतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी शेतमालाचा व्यापार करील, कोणी कायदा शिकेल. त्या सर्वांना कॅलथ्रॉप यांच्या चरित्रातून एवढेच घेता येईल, की अशक्य वाटणारा खर्च हा पुष्कळदा चुकीच्या वाटणीचा परिणाम असतो. भार सारखा वाटला तर हलका रूळही मोठी गाडी पेलतो. रुळांच्या बाबतीत हे एका अभियंत्याने सव्वाशे वर्षांपूर्वी बार्शीला सिद्ध केले. समाजाच्या बाबतीत ते सिद्ध करण्याचे काम बाबासाहेबांनी आपल्या हाती सोपवले आहे आणि ते अजून पूर्ण झालेले नाही.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही असे देऊ : रेल्वे आणली कॅलथ्रॉप यांनी, रूळ टाकले मजुरांनी, माल चढवला हमालांनी. आता तीत काय भरायचे आणि ते कोणाच्या दारात उतरवायचे, हे तुम्ही ठरवायचे आहे.